तळहातावरचं माप

४ जानेवारी

वरच्या ओळीत 'प्रिय' लिहायची पद्धत आहे. ती जागा मी मोकळी सोडली आहे. तुझं पत्र मिळालं, एवढं कळवते.

नऊ वर्षांनी माणूस गावात परत येतो आणि लिहितो, एकदा भेटू, पाचच मिनिटं. वा रे वा! पाच मिनिटांत तू काय काय करू शकतोस ते मला पक्कं ठाऊक आहे. पाच मिनिटांत तू माझ्या बाबांना पटवलं होतंस की काचेच्या दुकानाला तुझ्यासारखा कामगार शोधून सापडणार नाही. आणि तोवर तू काच हातात धरली होतीस ती दाढी करताना, आरसा म्हणून.

तेव्हा भेट नाही. फोनही नाही. समोर आलास की तू बोलतोस आणि मी ऐकत बसते, आणि फोनवर तर तुझा आवाज नुसता... जाऊ दे. लिहिताना मात्र तुझं घोडं अडतं. तुझ्या पत्रात इतकी खाडाखोड आहे की आत्याला वाटलं कुणा शाळकरी पोराने लिहिलंय. मला ती खाडाखोड बरी वाटली. काही सांगायचं असेल तर लिही. उत्तर द्यायचं की नाही ते मी बघेन.

तू विचारलंस म्हणून सांगते. बाबा बरे आहेत. दुकान तिथेच आहे, पाटी नवी केली. आत्या आता आमच्याकडेच राहते, आणि तुझं नाव काढलं की अजून भांडी आपटते. माझं लग्न झालं का, हे तुला विचारायचं होतं आणि तू तीन वेळा आडवळणाने जाऊन परत फिरलास. नाही झालं. त्याचं कारण तू नाहीस, उगाच छाती फुगवू नकोस. वेळच मिळाला नाही. दुकान, बाबा, आणि मला सकाळी सकाळी कुणी बोललेलं आवडत नाही.

तुझी आई गेल्याचं कळलं तेव्हा वाईट वाटलं. हे खरं आहे म्हणून लिहिते.

— काचवाली


१९ जानेवारी

मी लिहिलं होतं, भेट नाही. तुला वाचता येतं ना?

मी एका गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेले तेवढी वेळ साधून तू दुकानात येऊन गेलास. परत आले तर टेबलावर चहाचे दोन कप, मागच्या भिंतीच्या जड काचा पुढच्या रांगेत आलेल्या, आणि बाबांचा चेहरा असा फुललेला की विचारू नकोस. म्हणाले, "होयबा आला होता." असं म्हणाले जसं काही तू काल संध्याकाळी काम आटपून घरी गेला होतास.

होयबा. हे नाव तुला त्यांनीच दिलं होतं. काच पुसलीस? हो बाबा. गिऱ्हाइकाला निरोप दिलास? हो बाबा. कधी झालेलं असायचं, कधी नसायचं. कुणाला नाही म्हणणं तुझ्या जिवावर यायचं. आम्ही हसायचो. सगळ्यात जास्त मीच हसायचे.

ज्या दिवशी हसू थांबलं त्या दिवशी तू तिथे नव्हतास, म्हणून ऐक. इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

वर्षभर तू मला सांगत होतास, आईला सगळं सांगितलंय, आई खूश आहे, आई रोज विचारते, कधी आणतोस तिला. लग्नाची तारीख ठरवायला आम्ही तुमच्याकडे यायचं ठरलं, आणि त्याच सकाळी तुझं नेमकं बाहेरगावी काम निघालं. तुम्ही व्हा पुढे, म्हणालास, आई वाट बघतेय. मी नवे कपडे घातले. बाबांनी सदऱ्याला स्वतः इस्त्री केली. दार तुझ्या आईने उघडलं. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं, बाबांच्या खिशातून डोकावणाऱ्या टेपकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काचवाले ना तुम्ही? पण आमची कुठली काच फुटलीय?"

मला वाटलं थट्टा करतायत. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

बाबा मात्र अवघडले नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीची तक्रार आली होती, म्हणाले, आणि सरळ आत जाऊन माप घ्यायला लागले. खिडकीच्या कोपऱ्याला बारीक तडा होताही, त्यांचं नशीब. ते आकडे सांगत होते आणि मी नव्या कपड्यांत उभी राहून ते हातावर लिहून घेत होते. तुझ्या आईने पाणी दिलं. आम्ही निघालो. वाटेत बाबा भाजीच्या भावाबद्दल बोलले. चार दिवसांनी ते एकटेच जाऊन ती काच बसवून आले, आणि तो विषय त्यांनी परत काढला नाही.

आणि तू बाहेरगावाहून परत आलाच नाहीस.

आईची भीती वाटत होती, असं तू पत्रात लिहितोस. वाटत असेल. तू खोटं बोललास त्याचाही राग आहे, पण तो एक वेळ गिळला असता. तू मला त्या दारात तुझ्याशिवाय पाठवलंस. काय होणार ते तुला माहीत होतं आणि पाठवलंस. तो राग गिळता येत नाही, मी करून बघितलंय.

तेव्हा दुकानाच्या पायरीवर पाय ठेवू नकोस.

— काचवाली


७ फेब्रुवारी

होयबास,

आमच्या घरात माझं कुणी ऐकत नाही हे तुला ठाऊक असल्यामुळेच तू निर्धास्त असतोस. बाबांनी तुला कामाला ये म्हणून सांगितलं. मी तणतणले. बाबा म्हणाले, माझी पाठ धरते, वाचनालयाच्या काचा काय आत्या उचलणार का? आत्या आतून म्हणाली, उचलीन की, आणि त्याच्याच डोक्यात घालीन. पण ठरलं ते ठरलं.

तर माझ्या अटी. काम वाचनालयाच्या वाचनकक्षाचं आहे, रस्त्याच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या. काचा टफन, भट्टीतून कडक होऊन यायच्या. तुला आठवत असेल, पण परत सांगते, कारण तुझ्या आठवणीवर माझा भरवसा नाही. टफन काच एकदा आली की तिला काच कापायचा हिरा लागत नाही. माप सूतभर चुकलं तर ती घासता येत नाही, कापता येत नाही, नुसती भंगारात जाते. म्हणून माप बाबा आणि मी घेणार, आपल्या दुकानाच्या पद्धतीने: दोघांनी वेगवेगळं मोजायचं, डाव्या तळहातावर लिहायचं, मूठ झाकायची आणि समोरासमोर येऊन एकदम उघडायची. जुळलं तरच पुढे. एके काळी माझ्यासमोर तूही मूठ उघडायचास. ती जागा आता तुझी नाही. तू शिडी धरायची, जुन्या काचा उतरवायच्या, चौकटी खरवडायच्या.

कामापुरतं बोललेलं चालेल. बाकीचं कागदावर.

आणि शेवटची अट. झालं नसेल तर झालं नाही म्हणायचं. मला, बाबांना, गिऱ्हाइकाला, कुणालाही. पहिल्या खोट्या 'हो'ला मी तुला शिडीसकट बाहेर काढीन, मग बाबांची पाठ मोडली तरी बेहत्तर.

— काचवाली


२० फेब्रुवारी

होयबास,

काल तू मला 'नाही' म्हणालास. मी विचारलं, चौकटीची जुनी पुट्टी निघाली का सगळी? तू म्हणालास, नाही, अर्धीच निघालीय, उरलेली दगडासारखी झालीय, आज होणार नाही. मी स्टुलावर होते, पडता पडता राहिले.

मग ग्रंथपाल बाईंनी तुला गाठलं. पुढच्या आठवड्यात होईल ना हो सगळं, मुलांच्या परीक्षा आहेत. मी कान टवकारून उभी. आता हा म्हणणार, हो बाई, काळजीच करू नका. तू डोकं खाजवलंस, त्यांच्याकडे न बघता म्हणालास की महिना लागेल, वर आठ दिवस धरा. बाईंचा चेहरा पडला. तुझा त्यांच्यापेक्षा जास्त पडला. घाम आला होता तुला, मी बघितलं.

आत्याने तुला चहा कसा झालाय विचारलं ते मात्र सापळा लावायला विचारलं होतं. 'पाणचट' म्हणायची काही गरज नव्हती. आता घरात सगळ्यांना पाणचट चहा मिळतोय, तुझ्यामुळे.

दुसरं काही नाही. कामाबद्दल लिहायचं होतं.

— काचवाली


१ मार्च

तुझं पत्र मिळालं. फाडलं.

बाबांना दिसत नाही, असं तू लिहितोस. टेपवरचे आकडे त्यांना महिनोन्‌महिने दिसत नाहीत. मोजताना मला आकडा पुटपुटायची सवय आहे, तो ते कान देऊन ऐकतात आणि तोच हातावर लिहितात, म्हणून आमच्या मुठी जुळतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते तुला सोबत घेऊन गेले होते, डॉक्टर म्हणाले आता सुधारणा नाही, आणि त्यांनी तुझ्याकडून शब्द घेतला की मला सांगायचं नाही. आणि तो शब्द मोडून तू मला सांगतोयस.

तुला काय वाटतं स्वतःला? माझ्या बाबांबरोबर मी लहानपणापासून मुठी उघडतेय. त्यांच्याबद्दल मला तू सांगणार? खरेपणाचा धडा आता तू शिकवणार, तू?

महिनाभर चार खऱ्या गोष्टी बोललास आणि लगेच अंगात आलं तुझ्या. वाचनालयाची मापं घेऊन झाली, सगळी जुळली, कारखान्याला ऑर्डर गेली. सोमवारी काचा भट्टीत जाणार. आमच्या पद्धतीत आजवर एक काच वाया गेलेली नाही.

उद्यापासून येऊ नकोस. बाबांना मी काय ते सांगेन. शब्द देऊन मोडणं ही तुझी जुनीच खोड आहे, त्यात नवीन काय.


४ मार्च

होयबास,

हे लिहायला तीन दिवस लागले.

शनिवारी मी बाबांना म्हटलं, दुकानाच्या मागच्या खिडकीची काच बदलू या, माप घेऊ. मी टेप लावला, नेहमीसारखी पुटपुटले, पण मुद्दाम खोटा आकडा पुटपुटले. खऱ्यापेक्षा बराच मोठा. मग बाबांनी मोजलं. टेप व्यवस्थित लावला, बोटाने टोक चाचपलं, सगळं तसंच जसं ते नेहमी करतात. आम्ही समोरासमोर आलो, मुठी उघडल्या. त्यांच्या हातावर माझा खोटा आकडा होता, सुवाच्य अक्षरात.

मी म्हटलं, "जुळलं, बाबा."

कळलं तुला? मी बोलले. एका क्षणात, अगदी सहज, हसून. माझ्या स्वतःच्या हातावर वेगळा आकडा होता आणि मी मूठ झाकून घेतली, त्यांना तो दिसणार नव्हताच तरी झाकून घेतली. त्यांचा चेहरा पडू नये, एवढंच डोक्यात होतं. मग मी मागच्या खोलीत जाऊन काचांच्या रांगेत रडले. थोडं बाबांसाठी, आणि थोडं या गोष्टीसाठी की खोटं बोलणं इतकं सोपं आणि इतकं मऊ असतं हे मला माहीत नव्हतं. तुझी बाजू घेत नाहीये. फक्त सांगतेय.

तू वर्षभर जी गोष्ट सांगू शकला नाहीस तशीच गोष्ट घेऊन मी दीड दिवस घरात वावरले आणि माझा जीव गेला. आत्याला विचारलं, तुला माहीत होतं का? ती तांदूळ निवडत राहिली. म्हणजे होतं. मूग गिळून बसली होती. सगळ्यांना माहीत होतं, आणि सांगितलंस तू एकट्यानेच.

काल दुपारी बाबांच्या शेजारी बसले आणि सांगून टाकलं. की आकडा खोटा होता आणि मी 'जुळलं' म्हटलं तेही खोटं होतं. त्यांनी तळहातावर अंगठा घासला. मग म्हणाले, माझा आवाज त्या आकड्यावर अडखळला होता, त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. मी चिडले. म्हटलं, "मग लिहिलात कशाला तो?"

"कुणीतरी थांबवायला हवं होतं गं मला," म्हणाले. "माझं मला थांबता येईना."

त्यांचा हात हातात घेऊन बसले. शाई अजून पुरती गेली नव्हती.

आज सकाळी कारखान्याला फोन करून ऑर्डर थांबवली. मालक बोलायचं ते बोलला, ऐकून घेतलं. वाचनालयाची सगळी मापं नव्याने घ्यावी लागणार, आणि मूठ उघडायला दुसरं माणूस लागणार. मी खूप विचार केला, दुसरं कोण. कुणी सुचलं नाही.

उद्या ये. मी पुटपुटणार नाही.

तुला जे बोलले त्यातलं 'अंगात आलं' हे मागे घेते. बाकीचं नंतर बघू.

— काचवाली


२२ मार्च

होयबास,

काचा बसल्या. सगळ्या. आज संध्याकाळी वाचनालयावरून मुद्दाम चालत गेले. ग्रंथपाल बाई बाहेर उभ्या राहून आत बघत होत्या, मग आत जाऊन बाहेर बघायला लागल्या. लहान मुलीसारखं चाललं होतं त्यांचं.

कोपऱ्याच्या खिडकीचं मला राहून राहून आठवतं. तुझी मूठ आणि माझी मूठ जुळली नाही. मी म्हटलं, माझं बरोबर आहे. मला वाटलं आता तू म्हणशील, हो, तुझंच बरोबर असणार. पूर्वी तू तेच म्हणायचास, आणि वर काहीतरी गोडही बोलायचास. तू म्हणालास, परत मोज. मी म्हटलं, कशाला? तू म्हणालास, कारण माझंही बरोबर आहे, मी तीनदा मोजलंय. मला इतका राग आला! टेप हिसकावून घेतला तुझ्या हातातून. आणि खालची बाजू भिंतीत तिरकी निघाली, मी वरूनच मोजलं होतं. तुझा आकडा धरला नसता तर ती काच आज भंगारात असती. बाबांबरोबरची पहिली ऑर्डर तशीच गेली असती तर मग विचारायलाच नको.

तू त्या वेळी मिशीत हसलाही नाहीस. नुसता टेप गुंडाळून दिलास. मी घरी येऊन आत्याला म्हटलं, शहाणा झालाय मेला. आत्या म्हणाली, तू काय बघतेस ते मला दिसतंय हो.

आता लिहितेच. तू परत आलास तेव्हापासून मी रोज ठरवते की आज याच्याकडे बघायचं नाही, आणि रोज बघते. मोठी काच उचलताना मध्ये काच असते, पलीकडे तू असतोस, तुझा श्वास काचेवर उमटतो. मला तुझी आठवण येत होती. इतकी वर्षं येत होती. दुकान, बाबा आणि सकाळचं बोलणं, हे सगळं मी जानेवारीत लिहिलं ते अर्धंच खरं होतं.

जानेवारीत तू भेटायचं विचारलं होतंस. परत विचारायचं असेल तर विचार. या वेळी बहुतेक 'ये' म्हणेन.

— काचवाली


२८ मार्च

तुझं पत्र सकाळी कुलूप काढताना मिळालं. उभ्याने वाचलं. मग आत जाऊन बसून वाचलं.

म्हणजे तुझं लग्न झालं होतं. तिकडे गेल्यावर दोन वर्षांनी. आणि नोकरी सुटल्याचं तिला सांगायची तुझी हिंमत झाली नाही, म्हणून तू कित्येक महिने रोज सकाळी डबा घेऊन कामावर जातो म्हणून निघत होतास आणि बागेत बाकावर बसून तो डबा खात होतास. संध्याकाळी घरी येऊन साहेबाच्या गमती सांगत होतास, नसलेल्या साहेबाच्या. तिला कळलं ते शेजारणीकडून. ती बॅग भरून माहेरी गेली, मग कागदपत्रं झाली, संपलं. हे सगळं तू लिहिलंस, आणि शेवटी लिहिलंस की तुझ्याशी जे वागलो तेच मी परत वागलो, दुसऱ्या बाईशी, हे माहीत झाल्याशिवाय तू मला 'ये' म्हणू नयेस.

तर ऐक मला काय काय झालं ते.

आधी हेवा वाटला. तिचा. तिने तुला रोज डबा करून दिला याचा. मग हेव्याची लाज वाटली. आणि मग तिच्या वतीने असा संताप आला की तू समोर असतास तर हातातला हिरा फेकून मारला असता. रोज सकाळी ती खिडकीत येऊन तुला हात करत असेल रे! भाजी आवडेल का, मीठ जास्त तर नाही झालं, असला विचार करत असेल. ती बाई मी बघितलेली नाही, पण ती ज्या दारात उभी राहिली तिथे मीही उभी राहून आलेय. तू तिची माफी मागितलीस, तिने उत्तर दिलं नाही, असं लिहितोस. देऊ नये तिने. तिचा हक्क आहे तो.

दिवसभर एकही काच धड कापली नाही. दोन फुटल्या.

दुपारी बाबांना आणि आत्याला सगळं वाचून दाखवलं. तुला विचारलं नाही, पण या घरात आता दाबून ठेवायचं नाही असं आमचं ठरलंय. आत्याने तुझा यथेच्छ उद्धार केला. तो लिहीत नाही, कागद खराब होईल. बाबांनी एवढंच विचारलं, "त्याला कुणी विचारलं होतं का, लग्न झालं होतं का म्हणून?" मी म्हटलं, नाही, मीही नाही, कुणीच नाही. आत्याच म्हणाली शेवटी, चुलीकडे तोंड करून, सांगितलं म्हणायचं तरी.

हो. सांगितलंस. मी 'ये' म्हणणारच होते. तुला फक्त विचारायचं होतं. हे गिळून आला असतास तर मला जन्मात कळलं नसतं, ती बाई काही इतक्या लांबून सांगायला येणार नव्हती. माझा चेहरा पडणार हे तुला माहीत होतं, आणि समोरच्याचा चेहरा पडणं तुला मरणासारखं वाटतं हे मला माहीत आहे. तरी लिहिलंस. अक्षर बघितलं मी, पानभर एकही ओळ सरळ नाही.

इतकी वर्षं मी तुला खोटारडा म्हणत आले. तू खोटारडा नाहीस, तू भित्रा आहेस. हा काही मान नाही, लगेच फुशारू नकोस. भित्र्या माणसाबरोबर राहणं जास्त कठीण, त्याच्यावर धड रागावताही येत नाही. पण बाबांना 'जुळलं' म्हटलं तेव्हापासून मला ती भीती आतून ठाऊक झालीय. ती कशी येते, किती गोड बोलते, सगळं.

माझा तुझ्यावर विश्वास आहे, असं लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. अजून नाही तसं. खोटं लिहिणार नाही. पण तुझं पत्र आलं की आत काहीतरी खरं असणार, मला न आवडणारं असलं तरी खरं असणार, असं हल्ली वाटायला लागलंय. पाकीट दोनदा खाली ठेवते, तरी फोडते. हे आहे ते आहे. याला काय म्हणायचं ते तू ठरव.

रविवारी जेवायला ये. आत्या टोमणे मारील, ऐकून घे. बाबांच्या शेजारी बस आणि ताटात कुठे काय वाढलंय ते त्यांना हळूच सांग, मी सांगितलेलं त्यांना आवडत नाही. मला तिच्याबद्दल विचारायचं आहे, सगळं, आणि तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. ऐकताना मी कदाचित ताटावरून उठून जाईन. तू उठू नकोस. पळू तर अजिबात नकोस. मी परत येऊन बसेन.

वाटेत तुझे पाय जड होतील, मागे फिरावंसं वाटेल, काहीतरी सबब सुचेल, चांगली सुचेल, तुला सुचतात. तरी भीत भीत ये. दार मी उघडीन, आणि मीही भीतच उघडीन.